मानाचा नारळ

महाड
९ एप्रिल २०२२

दीपक,

सलाम. हे पत्र तू वाचशील तेव्हा डोक्यावर पंखा फिरत असेल. फिरणारच, वीज तुमच्या दारात बनते. इकडे काल इफ्तारला बसलो आणि दिवे गेले. खजूर हातात आणि तोंड कुठं आहे ते चाचपायची पाळी. आसिया म्हणाली, "तुमच्या दोस्ताला कळवा, महाडातपण माणसं राहतात." म्हणून कळवतोय. बायकोचा निरोप आहे, माझा नव्हे.

फोन करता आला असता. पण मागच्या वेळचा फोन आठव. तुझ्या मागे कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याचा खडखडाट, माझ्या मागे हायवेचे हॉर्न. दोघं ओरडत होतो आणि ओरडता ओरडता खरंच भांडलो. अब्बा कुवेतला होते तेव्हा आमच्या घरात सगळं पत्रावर चालायचं, रागावणंसुद्धा. माझं डोकं अजून कागदावरच सरळ चालतं. आणि हायस्कुलात एका बाकावर बसून तुझे निबंध मीच लिहून दिलेत, तेव्हा वाचायचा कंटाळा करू नकोस.

तर ऐक. माझे चारही ट्रक दासगावच्या रस्त्याला उभे आहेत. मागच्या जुलैत पुराचं पाणी केबिनमध्ये शिरलं, सीटखाली मासे मेले होते, तेव्हाही ते इतके दिवस उभे नव्हते. बंदरात बाहेरचा कोळसा उतरतो, पण त्याचा भाव ऐकून इथल्या कारखान्याचा मॅनेजर खुर्चीतून उठतो. देशी कोळसा मागावा तर त्याच्या मालगाड्या कारखान्यांना बंद. सगळ्या वीजकेंद्रांकडे वळवल्या. म्हणजे तुझ्याकडे. तू तिथला इंधन अधिकारी. अरे, इतकी वर्षं आपण दोघं एकाच कोळशावर जगलो, तू जाळून आणि मी वाहून. आता तू एकटाच जेवायला बसलास.

मॅनेजर म्हणतो, कोळसा नसेल तर लाकूड आण, बॉयलरला काय, पोट भरल्याशी मतलब.  कोळशाचा माणूस मी, मोळीविक्या व्हायचं जिवावर येतं.

परवा पोलादपूरला काम होतं, तसाच वर तुमच्या गावी, हेळ्याच्या कोंडावर, जाऊन आलो. तुझी आई, माझी मावशी, ठणठणीत आहे. एकटी राहते पण अंगण असं सारवलेलं की चप्पल काढून उभं राहावं. सोमजाई देवीच्या राईतल्या झऱ्याचं पाणी बाटलीत भरून दिलंन. रोजा होता, घरी आणून प्यालो. त्या राईत गेलं की मला अजून भीती वाटते. आठवतं ना, गारंबीच्या वेलावर झोके घेऊन झाल्यावर मी एक वाळकी काटकी चुलीसाठी उचलली होती? तुझ्या बाबांनी अर्ध्या वाटेवरून आपल्याला परत पाठवलं, ती काटकी होती तिथं ठेवायला. म्हणाले, "सोमजाईची हाय ती." मी मुसलमानाचं पोर, पण त्या दिवशी मीसुद्धा हात जोडले.

काही होत असेल तर बघ. नसेल तर तसं लिही.

तुझा,
मुश्ताक


वीजकेंद्र वसाहत
२२ एप्रिल २०२२

मुश्ताक,

पत्र पोचलं. टोमणेही पोचले.

पंखा फिरतो, पण त्याखाली बसायला मी घरी असायला हवा ना. आमच्याकडे कोळशाचा साठा पंधरवड्याचा असायला हवा, आज दीड दिवसाचा आहे. मुंबईहून दर तासाला साहेब विचारतात, "कोळशाची रेक कुठे आहे?" मी रेल्वेला विचारतो, रेल्वे खाणीला विचारते, आणि खाण म्हणते, निघाली. ती निघालेली गाडी येते तेव्हा वाघिणीत कोळसा कमी आणि दगड जास्त. दरवर्षी उन्हाळ्यात कोळशाच्या ढिगाला आपोआप आग लागायची आणि आम्ही पाणी मारत बसायचो. यंदा ढीगच नाही, तेवढा त्रास वाचला. लोकांच्या पॅसेंजर गाड्या रद्द करून आमच्या मालगाड्या सोडतायत. घरी लग्नाला निघालेला माणूस फलाटावर बसून मला शिव्या देत असेल. त्यात तुझ्या चार ट्रकांची भर.

तू मित्र आहेस म्हणून स्पष्ट सांगतो. तुझे ट्रक चालवायचे की राज्यातली घरं उजळायची, असा प्रश्न आला तर मी काय करावं? दवाखाने आहेत, पाण्याचे पंप आहेत. तुझा मॅनेजर बरोबर बोलतोय. लाकूड जाळा. कोकणात लाकडाला काय तोटा? पाऊस पडला की पुन्हा उगवतं.

आता माझं एक काम. आमचे मालोजीकाका तुला माहीत आहेत, गावाच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष. सोमजाईच्या देवळाचा जीर्णोद्धार काढलाय. कौलं काढून स्लॅब, आत फरशी. अक्षय्य तृतीयेला नारळ ठेवायचा म्हणतात. गावात कुठलंही काम मानकऱ्याचा नारळ देवीपुढे ठेवल्याशिवाय सुरू होत नाही, आणि बाबांच्या मागे मान माझ्याकडे. बाईमाणसाच्या हातचा चालत नाही, नाहीतर आईनेच ठेवला असता. मला आत्ता रजा मागितली तर साहेब मलाच बॉयलरमध्ये घालतील. मानकऱ्याला जमत नसेल तर त्याच्या घरी जेवलेल्या माणसाच्या हातून नारळ पाठवता येतो. तू आमच्या घरी किती जेवलास ते आईला विचार. तेव्हा माझ्या नावाने एक चांगला, शेंडीवाला नारळ घे आणि वर नेऊन गुरवाच्या हाती दे. बाकी काका बघतील.

अक्षय्य तृतीया आणि तुझी ईद बहुतेक एकाच दिवशी येतेय. चंद्रावर आहे. पण नमाजानंतर जमेल ना?

तुझा,
दीपक


महाड
१७ मे २०२२

दीपक,

ईद मुबारक, शिळी का होईना.

नारळ पोचला. नमाज झाली, गळाभेटी झाल्या, आणि नवा कुर्ता तसाच अंगावर ठेवून मी मोटरसायकलवरून वर गेलो. हँडलच्या एका बाजूला शिरकुर्म्याचा डबा, दुसऱ्या बाजूला तुझा नारळ. पोलादपूरच्या नाक्यावर एकाने विचारलं, "काय मुश्ताकशेट, ईद कुठं?" म्हटलं, सोमजाईकडे.

देवळापुढे बरीच मंडळी होती. मुंबईची जास्त. मालोजीकाका पांढऱ्या शर्टात, सगळ्यांना खुर्च्या दाखवत. महिपती गुरवाने नारळ घेतला, तुझं नाव घेतलं, तुझ्या बाबांचं, आजोबांचं. मी बाहेर त्या जुन्या हेळ्याच्या झाडाखाली उभा राहिलो. गुरव गाऱ्हाणं घालत होता ते लांबलं. ढोल चालू होता, मला अर्धंमुर्धं ऐकू आलं. मध्ये मध्ये सगळे "व्हय म्हाराजा" म्हणायचे. शेवटी फार मोठ्याने म्हणाले आणि काकांनी सगळ्यांना पेढे वाटले. मलाही दिला.

मावशीचं मात्र बरं दिसलं नाही. बायकांच्या मागे उभी होती. मी नारळ घेऊन आलो तेव्हा माझ्याकडे बघितलंन आणि मग माझ्या मागे वाटेकडे बघत राहिली. नंतर घरी डबा दिला तर तो तसाच फळीवर ठेवलान. दरवर्षी माझ्यासमोर वाटीभर खाते, "आसियाच्या हाताला गुण हाय" म्हणते. या वेळी एवढंच म्हणाली, "तू आणलास होय." तू आला नाहीस म्हणून रुसली असणार. एकदा येऊन जा, आई आहे, लगेच विसरेल.

एक चांगली बातमी. ट्रक हलले. एक लाकडाचा ठेकेदार भेटला, पोलादपूरकडच्या मालकीच्या रानातलं लाकूड कारखान्याला देतो. ओलं आहे, बॉयलर धूर ओकतो, पण मॅनेजर खूष आहे. तुझा सल्ला मानला म्हण. ड्रायव्हर लोकांची पोरं पुन्हा शाळेच्या रिक्षात बसायला लागली. कोळशाच्या काळ्या पाठीचे ट्रक आता सालपटांनी भरलेले दिसतात. मला अजून सवय झालेली नाही.

मुश्ताक


वीजकेंद्र वसाहत
४ जून २०२२

मुश्ताक,

नारळाचं काम केलंस, उपकार झाले. मालोजीकाकांचाही फोन आला होता, फार कौतुक करत होते. म्हणाले, मानकऱ्याने मान राखला.

इकडेही जरा श्वास घेता येतोय. रेक येऊ लागल्या. आमचा वीजनिर्मितीचा एकही संच बंद पडू दिला नाही म्हणून वरून शाबासकीचं पत्र आलं. सगळ्या विभागासमोर वाचून दाखवलं. तुला हसू येईल, पण मला बाबांची आठवण आली. त्यांनी आयुष्य कंदिलात काढलं आणि त्यांचा मुलगा राज्याला वीज पुरवतो. मी बोलून दाखवत नाही, पण त्याचा अभिमान आहे.

लाकडाचं बघितलंस? सांगत होतो मी. उगाच माझ्यावर चिडला होतास.

आईचं काय झालंय? शेजारच्या श्रुतिकाच्या फोनवर दर रविवारी डोंगरावरच्या सड्यावर जाऊन बोलायची. गेले तीन-चार रविवार श्रुतिका म्हणते, "काकी गोठ्यात हायत," "काकी झऱ्यावर गेल्यात." आपल्याकडे गोठ्यात आता काय आहे? एक म्हातारी गाय. मी तिच्यासाठी एक इन्व्हर्टर घेतोय. वीज गेली तर अंधारात नको तिनं बसायला. महाडात आला की तू वर पोचव आणि जोडून दे.

दीपक


महाड
२२ जून २०२२

दीपक,

इन्व्हर्टर आला. माझ्या पडवीत खोक्यात आहे. तो वर नेला नाही, का ते सांगतो. बसून वाच.

परवा आमचा एक ट्रक चढावर रुतला म्हणून मी स्वतः गेलो. ड्रायव्हरने सांगितलेल्या वाटेने चढत गेलो, आणि वळण घेतलं तर समोर तुझं गाव. ते मालकीचं रान म्हणजे तुमची राई आहे दीपक. अर्धी अधिक गेली. उंडी नाही, जांभळी नाहीत. यांत्रिक करवत लावलीय, एक माणूस एका चहाच्या वेळात झाड आडवं करतो. गारंबीचा वेल तोडून वाटेत टाकलाय आणि त्यावरून माझ्याच ट्रकची चाकं गेलीत. मी ते बघत उभा राहिलो. माझ्याच्याने तिथं थांबवेना आणि निघवेना.

महिपती गुरवाला गाठलं. तो हात जोडून म्हणाला, "शेट, मी काय करू? मंडळानं ठरवलान. देवळाला स्लॅब पायजे, तर राई देवीचीच हाय, देवीच्याच कामाला लावू. त्या दिशी गाऱ्हाण्यात तेच मागितलं. मानकऱ्याचा नारळ आला, म्हणजे परवानगी झाली." समजलं तुला? पायाभरणी नव्हती ती. तुझ्या नारळावर राई मागितली, आणि तो नारळ मी कुर्ता घालून, ईद सोडून, मिरवत नेला. वर पेढा खाऊन आलो.

मावशी तिथंच होती. हेळ्याच्या बुंध्याशी पाटावर बसलेली. हेळा अजून उभा आहे, त्याच्याच मुळातून झरा निघतो. ती सकाळी येऊन बसते आणि करवतवाले निघाले की उठते. मी म्हटलं, "मावशी, घरी चला." म्हणाली, "घरी कोण हाय?"

आता महत्त्वाचं. पाऊस लागलाय, ट्रक चढायचे बंद झालेत, म्हणून तोड थांबली आहे. दिवाळीनंतर पुन्हा सुरू होईल आणि पहिला हेळाच जाईल. महिपती म्हणतो, ज्याचा नारळ त्यानं देवीपुढे उभं राहून परत मागितला तर कुऱ्हाड थांबते. पण त्यानं स्वतः यायला हवं. तो परत मागायला दुसऱ्याचा हात चालत नाही. मी विचारलं, मी मागू का? तो हसला.

तेव्हा ये. चार महिने आहेत. माझे ट्रक मी काढून घेतलेत, त्याची चिंता करू नकोस. फक्त तू ये.

मुश्ताक


वीजकेंद्र वसाहत
१९ जुलै २०२२

मुश्ताक,

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. आणि मग राग आला, तो आधी लिहून टाकतो.

तू धंदेवाला माणूस. ज्या रानातलं लाकूड वाहतोस ते रान कुठलं, हे तुला महिनाभर कळलं नाही? ड्रायव्हर तुझे, ट्रक तुझे, डिझेल तू भरणार. पोलादपूरकडचं रान म्हणे! पोलादपूर काय मुंबई आहे, हरवायला? माझ्या आईच्या दारावरून तुझे ट्रक गेले आणि तू मला ड्रायव्हरच्या पोरांच्या रिक्षा सांगत होतास. काकांनी मला फसवलं असेल, पण लाकूड काही काकांच्या खांद्यावरून नाही गेलं.

आता यायचं. पावसाळ्यात खाणीत पाणी भरलंय. कोळसा येतो तो चिखल होऊन. पट्ट्यावर बसतो, आम्ही फावड्याने खरवडतो. माझ्या हाताखालची दोन माणसं आजारी आहेत. या दिवसांत इंधन विभागाच्या माणसाने रजा मागणं म्हणजे काय ते तुला कळणार नाही. काकांशी फोनवर बोललो. ते म्हणाले, "तू कशाला दगदग करतोस, हेळ्याला हात लावणार नाय, शब्द देतो." तरी दिवाळीला नक्की येतो. आईला तसं सांग.

दीपक


महाड
२ नोव्हेंबर २०२२

दीपक,

आईला तसं सांग म्हणालास, मी सांगितलं होतं. मावशीने वसुबारसेला खाट अंगणात काढून धुतली. गोधड्यांना ऊन दिलं. तुला आवडतात म्हणून तांदळाच्या गोड बोरांचं पीठ दळून आणलं, जात्यावर, गिरणीचं तुला चालत नाही म्हणे. भाऊबीज गेली, तुळशीचं लग्न तोंडावर आलं. खाट अजून अंगणातच आहे.

माझे ट्रक नव्हते, म्हणून ठेकेदाराने दुसऱ्याचे आणले. साताऱ्याकडचे. चाकांना काय, कुठलीही वाट चालते. हेळा सोमवारी पाडला. मी गेलो होतो. मी मध्ये उभा राहिलो तर मालोजीकाका म्हणाले, "मुश्ताक, आमच्या देवाच्या कामात तू पडू नको. उद्या गावात दोन शब्द उठले तर निस्तरणार कोण?" खूप गोड आवाजात म्हणाले. मला एक घर आहे, बायको आहे, बाजारात बसायचं आहे. मी बाजूला झालो. हे तू माझ्या नावावर खुशाल लिहून ठेव.

आता गंमत ऐक. हेळ्याचा बुंधा एवढा जाड की कारखान्यातल्या बॉयलरच्या तोंडात मावेना. फोडायला यंत्र आणायचं ठरलं, तेवढ्यात कारखान्याला कोळसा मिळायला लागला. मॅनेजर म्हणाला, आता लाकूड नको, राख फार होते. तेव्हा तुमचा हेळा एमआयडीसीच्या गेटबाहेर रस्त्याच्या कडेला पडलाय. सेक्युरिटीवाले त्यावर बसून तंबाखू मळतात.

तू एप्रिलमध्ये लिहिलं होतंस, पाऊस पडला की पुन्हा उगवतं. पाऊस तर पडून गेला.

मुश्ताक


वीजकेंद्र वसाहत
१८ डिसेंबर २०२२

मुश्ताक,

काय लिहू? निघालो होतो. तिकीट काढलं होतं. धनत्रयोदशीला एका संचाचा कोळसा अडकला आणि साहेबांनी स्टेशनवरून परत बोलावलं. खरं तर "बोलावलं" हेही पूर्ण खरं नाही. त्यांनी विचारलं, जाणं गरजेचं आहे का? मी म्हणालो, नाही सर, तसं काही नाही.

काकांनी शब्द मोडला. मला वाटलं होतं, वाळकी झाडं काढतील, फार तर कडेची चार-दोन. देवळासाठी एवढं चालतं असं मी समजलो. सगळी राई साफ करतील असं कोणाच्या मनात येईल?

झालं ते झालं. आता आईचं बघू या. तिला इकडे आणतो. चांगला क्वार्टर आहे, नळाला चोवीस तास पाणी, वीज तर कधी जातच नाही. तिला एकदा आपल्या डोळ्यांनी बघू दे, तिचा मुलगा काय काम करतो ते. तिकीट पाठवू का विचार. माझा फोन ती घेत नाही, तुझं ऐकते.

दीपक


महाड
५ जानेवारी २०२३

दीपक,

वाळकी झाडं काढतील असं वाटलं होतं. म्हणजे तुला ठाऊक होतं.

आणि मी इतके दिवस समजत होतो की आपण दोघांनी न कळता केलं.

तिकीट पाठवू नकोस.

मुश्ताक


महाड
११ एप्रिल २०२३

दीपक,

मी आसिया लिहितेय. मावशी सांगतायत तसंच लिहिणार आहे. एकही शब्द बदलायचा नाही अशी त्यांनी मला शपथ घातलीय. मुश्ताक घरी नाहीत.

बाबू, मी तुजी आई बोलत्ये. मी म्हाडला मुस्ताककडं हाय. शिमगा झाला नि झरा आटला. पयलं धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग नुसती ओल. माज्या लग्नापासून मी त्यो झरा कदी आटलेला बघितला नाय. मंडळानं टँकर देतो म्हटलान, त्यो एकदाच आला, फोटो काढायला. खालच्या पऱ्याचं पाणी भरून हंडा आणताना पाय घसरला नि कंबरेला लागलं. मुस्ताक आला नि मला ट्रकात बसवून घेऊन आला. गाय श्रुतिकाला दिली.

देऊळ झालं. लय चांगलं झालं म्हणतात. खाली फरशी, वर स्लॅब. स्लॅब तापतो म्हणून देवीला पंखा बसवलान. राईत देवीला कदी उकडलं नव्हतं. नि लाईट गेली की पंखा बी बंद.

तू मला न्यायचं म्हणतोस. मी येणार नाय. का नाय, ते सांगत्ये.

ईदच्या पयले पंधरा दिवस मालोजी गावात आला व्हता. त्यानं मला सांगितलान, वयनी, चला सड्यावर, तिथं रेंज येते, दीपकशी बोलायचं हाय. मला वाटलं, तुजा आवाज ऐकायला मिळंल, म्हणून मी चढून गेले. त्यानं फोन मोठ्यानं लावलान. त्यानं म्हटलान, राई काढायची हाय, देवळाला पैका नाय, तुजा नारळ पायजे. मी तोंडाला पदर लावून ऐकत व्हते. मला वाटलं, आता तू इचारशील, आई काय म्हणते. नायतर म्हणशील, बाबांनी काटकी उचलू दिली नाय, मी राई कशी देऊ? तू म्हणालास, "काका, तुम्ही बघा, मी नारळ पाठवतो, मला आत्ता लय काम हाय." मालोजी म्हणाला, आई हिथंच हाय, बोल. तू म्हणालास, नंतर करतो.

तरी मी कुणाला बोलले नाय. मला वाटलं, आपला पोरगा हाय, इचार करील. त्या दिशी मी देवळापुढं उभी व्हते नि वाटंकडं बघत व्हते. तू आला असतास तरी राई वाचली असती. नारळ नाय आला असता तरी वाचली असती. नारळ आला.

मुस्ताकला बी मी इचारलं, लाकूड राईचं हाय ते तुला ठावं व्हतं का. त्यो म्हणाला, मावशी, पयल्या खेपेला मला ठावं नव्हतं. मी म्हटलं, नि दुसऱ्या खेपेला? त्यो खाली बघत बसला. आसिया हितं लिवायची थांबली. मी म्हटलं, गो, लिव. त्यानं बी लाकूड वाहिलान, नि तुला खोटं लिवलान. पण त्यो माज्यासमोर खाली बघून बसला. रोज येऊन बसतो. त्याच्या हातचं मी खात्ये. तू अजून समोर आला नायस.

हितं बी लाईट जाते. आसिया मेणबत्ती लावते. परवा तिनं टीव्हीवर तुमचं वीजकेंद्र दाखवलं, मोठ्या मोठ्या चिमण्या. मी बघितलं. तू चांगलं काम करतोस, सगळे म्हणतात. तुज्या कामावर माजा राग नाय. तुला सगळ्या राज्याच्या दिव्यांची काळजी, नि आईशी दोन शब्द बोलायचं तेवडं नंतर.

तुजी इन्व्हर्टरची पेटी हितं पडवीत हाय. ती घेऊन जा, नायतर राऊं दे.

एक शेवटचं सांगत्ये. माजं वय झालं, कंबर मोडली, आता किती दिस ते सोमजाईलाच ठावं. माज्या टायमाला तुला फोन येईल. तवा तुला काम असंल. असलं तर असू दे, येऊ नको. पण कुणाच्या हातून नारळ पाठवू नको. तुज्या नावाचा नारळ आला तर माज्या बाजूला ठेवायचा नाय, असं मी मुस्ताकला सांगून ठेवलंय.

तुजी आई